चंद्रीचं दर्शन बंद आहे

प्रवासाला जाऊन आलेल्या माणसानं आपण काय काय पाहिलं ते सांगायचं असतं. माझी पंचाईत अशी की ज्या एका गोष्टीसाठी मी नाशिकला गेलो, ती मी पाहिलीच नाही. पुण्यापासून तिला दोन पायांत धरून बसलो, रात्री तिच्या शेजारी झोपलो, तिच्यावरून पंचवटीत एका गुरुजींशी माझी गंमत झाली. पण पाहिली नाही. तरीही हे सगळं तुम्हाला रंगवून सांगणार आहे. सांगलीत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि उरलेल्या वेळात मी हौशी नाटकांत कामं करतो. नसलेला राजवाडा दाखवायची सवय जुनी आहे.

झालं असं की माझी मामेबहीण वृंदा हिचा एका संध्याकाळी फोन आला. वृंदा पुण्यात गुरांची डॉक्टर आहे. मात्र तिची गुरं हंबरत नाहीत, शेपटी मारत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. चांगल्या गाईच्या पोटातून आठवडाभराचे गर्भ अलगद काढायचे, गोठवून ठेवायचे, आणि पुढे कधीतरी दुसऱ्या गाईच्या पोटात सोडायचे, असं तिचं काम. गर्भ म्हणजे केवढा? खसखशीचा दाणा त्याच्यापुढे भोपळा वाटेल.

"दादा, माझा मदतनीस पाय मोडून बसलाय," ती म्हणाली. "नाशिकच्या पुढे एका वाडीवर जायचंय. गाडी मी चालवीन. तू बरणी धर आणि तिथे गेल्यावर बोल."

"काय बोलू?"

"काहीही. लोक तुझ्याकडे बघत राहिले पाहिजेत."

आयुष्यभर मला सगळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. कुणीतरी गाडीखर्च करून बोलायला नेतंय हे पहिल्यांदाच घडत होतं. मी बायकोला विचारायच्या आधीच हो म्हणालो.

बरणी

पुण्यात वृंदाच्या दारात बरणी पाहिली आणि माझ्यातला दुकानदार हळहळला. गुडघ्याएवढी उंच, अ‍ॅल्युमिनियमची, पोट मोठं आणि गळा एवढा अरुंद की घासायला हात आत जाणार नाही. वर झाकण म्हणून फोमचं बूच, तेही सैल. अशी वस्तू माझ्या दुकानात श्रावणातल्या सेललासुद्धा खपली नसती.

"झाकण घट्ट बसत नाही," मी म्हणालो.

"बसायलाच नको. आत नायट्रोजन आहे, पातळ केलेला. तो सतत उडत असतो. कोंडलास तर बरणी फुटेल."

आत उणे दोनशेच्या जवळपास थंडी होती. आणि त्या थंडीत, स्ट्रॉ म्हणतात त्या काडीएवढ्या नळीत, एक गर्भ. एकच. बरोबर तसलीच एक लहान बरणी होती, तिच्यात नुसता जादा नायट्रोजन. वृंदाच्या प्रयोगशाळेत त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात.

वायू गाडीत साठला तर आपण दोघंच कायमचे गार पडू, म्हणून काचा खाली. जानेवारीचा महिना. सिन्नर येईपर्यंत माझ्या नाकाचा शेंडा बरणीतल्या गर्भाच्या नात्यात जमा झाला होता.

पंचवटी

मुक्काम पंचवटीत होता. रामकुंडापासून जवळ, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक लॉज. गाडी लांब लावावी लागली, म्हणून थोरल्याला मी वृंदाच्या शालीत गुंडाळलं आणि छातीशी धरून गल्लीतून निघालो. पाच पावलांतच माझ्या लक्षात आलं की लोक आपल्याला वाट देतायत. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला नाही. कोथिंबीर विकणाऱ्या बाईनं पदर सावरला. एका आजोबांनी चपला काढल्या.

पांढरं धोतर नेसलेले एक गुरुजी पुढे आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वडील का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रामकुंडाच्या वाटेवर, शालीत गुंडाळलेलं भांडं छातीशी धरून, नाक लाल झालेला माणूस चाललाय. याचा जगात दुसरा अर्थ काय होणार?

"नाही गुरुजी," मी म्हणालो. "यात गेलेलं कुणी नाही. यात यायचं आहे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग शालीतून निघणाऱ्या पांढऱ्या वाफेकडे पाहिलं. मागून वृंदा दात ओठ खात येत होती. तिनं दोन वाक्यांत खरं काय ते सांगितलं. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे आई गेली, आणि मूल अजून यायचंय."

"हो. गाय गेली गेल्या पावसात," वृंदा म्हणाली.

"मग गोदावरीत काही सोडायचं नाही तुम्हाला."

"काही नाही."

"उत्तम," ते म्हणाले आणि त्यांनी शालीवर तुळशीचं एक पान ठेवलं. "इथे सगळे पोचवायला येतात. आणायला चाललेले तुम्हीच पहिले." दक्षिणा विचारली तर हात हलवून म्हणाले, "बारशाला बोलवा."

खोलीत गेल्यावर मी बाजारातून द्राक्षं आणली, ती केवळ नावं ठेवण्यासाठी. आम्ही सांगलीकर नाशिकचं द्राक्ष खातो ते आमच्या तासगावचं किती गोड हे सांगायला. दुर्दैवानं ती गोड निघाली. वृंदानं त्यातली चार लॉजच्या मॅनेजरकडून फ्रीजरमध्ये ठेवून घेतली आणि सकाळी बशीत माझ्यापुढे ठेवली. वितळल्यावर त्यांचा नुसता लगदा झाला होता, साल एकीकडे आणि पाणी एकीकडे.

"पाणी गोठलं की त्याच्या सुया होतात," ती म्हणाली. "त्या सुयांनी आतलं सगळं फाटतं. गर्भाचंही असंच होतं. म्हणून गोठवायच्या आधी त्याच्यातलं पाणी काढून घ्यायचं."

"ते कसं?"

"आई मोरावळा कसा करते?"

आवळा पाकात टाकला की पाक त्याचं पाणी ओढून घेतो आणि आवळा टिकतो, हे मला माहीत होतं. मोरावळ्याच्या बरण्या मीच विकतो. वृंदाही गर्भाला एक प्रकारच्या पाकात ठेवते. जुन्या पद्धतीत मग त्याला यंत्रात हळूहळू थंड करत नेतात. नव्या पद्धतीत पाक दाट, आणि थंडी एका क्षणात. इतकी चटकन की पाण्याला सुया करायला फुरसतच मिळत नाही. सगळं काचेसारखं थिजतं. ऐकायला छान. पण काचेचं दुखणं असं की वितळवताना ती मधेच कुठे रेंगाळली, जराशी ऊब लागून पुन्हा गार झाली, की राहून गेलेल्या सुया तेव्हा तयार होतात.

"म्हणजे गोठवण्यापेक्षा वितळवणं अवघड?"

"गोठवताना मी प्रयोगशाळेत असते," वृंदा म्हणाली. "वितळवताना गोठ्यात."

मग आम्ही मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, शेजारी दह्याची वाटी. आमच्याकडे मिसळ खाताना माणूस घाम पुसतो. इथे तो दही कालवतो. मी याला पळवाट म्हणतो. दुसरी प्लेट मागवली ती खात्री करून घ्यायला.

घोटीच्या पुढे

मुंबईच्या रस्त्यानं घोटी आलं आणि तिथून गाडी आत वळली. भातखाचरं कापून मोकळी पडलेली, समोर कळसूबाईची रांग, उन्हात पेंढ्याच्या उडव्या. आमच्या खिल्लारांच्या मुलखातून आलेल्या माणसाला इथली जनावरं निराळी वाटतात. खिल्लार म्हणजे पांढरं, सडपातळ, शिंगं भाल्यासारखी, आणि स्वभाव असा की मालकालाही परवानगी मागून जावं लागतं. इथली डांगी गाय काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, रुंद हाडाची, शांत; अंगाला तेल चोळल्यासारखी तकाकी. या भागात चार महिने पाऊस थांबत नाही. ते पाणी या कातडीवरून निथळून जातं आणि खुरं चिखलात कुजत नाहीत.

"चंद्री या वाडीतली सगळ्यात चांगली गाय होती," वृंदानं गाडी हळू केली. "कपाळावर पांढरा टिळा. हिराबाईंची. तिला सगळे गोऱ्हेच झाले. कालवड एकही जगली नाही. वाडीत निम्म्या घरांचे बैल तिचे आहेत, पण तिचा वंश पुढे नेणारी गाय नाही. म्हणून आम्ही तिचे तीन गर्भ काढून ठेवले. दोन जुन्या पद्धतीनं, एक नव्या. नंतर पावसात तिला साप चावला."

"आणि ते दोन?"

वृंदानं गिअर बदलला. मग तिनं जे सांगितलं ते असं. दिवाळीनंतर ती ते दोन गर्भ घेऊन इथे आली होती. वाडी जमली. ढोल, हार, नारळ. भैरोबाच्या पालखीचे मानकरी तुकारामआबा पुढे होऊन म्हणाले, ताई, चंद्रीची लेकरं हायेत ना आत, मंग दर्शन घडू द्या. बूच काढून आतली नळ्यांची डबी गळ्याशी वर उचलायची, एवढंच. वृंदानं उचलली. एक रांग झाली, मग बायकांची, मग शाळा सुटली. डबी वर, डबी खाली. धूर बघून लोक हात जोडत होते. नंतर नळ्या वितळवून तिनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर दोन्ही गर्भ फाटलेले. सकाळच्या द्राक्षांसारखे.

"दर्शनानं गेले?"

"मला नक्की माहीत नाही. पण दुसरं कारण सापडत नाही. काठापर्यंत आलेली नळी काही श्वासांत ऊब धरते. मला माहीत होतं, दादा. पण सगळे हात जोडून उभे होते."

"आणि आज उरलाय तो नव्या पद्धतीचा. काचेचा."

"हो. त्याला तर एवढंही चालणार नाही. आणि आजच व्हायला हवं. ज्या गाईत सोडायचा तिचे दिवस आज जुळतात, उद्या नाही."

तेव्हा मला कळलं की मला कशाला आणलंय.

भैरोबाची वाडी

हिराबाई साठी उलटलेल्या, उंच, कमरेला पदर खोचलेल्या. त्यांचे यजमान किसनभाऊ त्यांच्या मागे उभे राहून प्रत्येक वाक्याला मान हलवणारे. स्वागत झालं ते आधी बरणीचं. हिराबाईंनी थोरल्याच्या पोटाला हळदीकुंकू लावलं, मग धाकट्याच्या, आणि बोटावर उरलं ते माझ्या कपाळाला.

गोठ्यात मोरी उभी होती. हीच आता चंद्रीच्या लेकराची आई होणार होती. तिच्या अंगावर नवा खण टाकलेला होता, शिंगांना झेंडू, पुढ्यात सुपात तांदूळ आणि नारळ. लेकीची ओटी भरावी तशी तिची ओटी भरली होती आणि त्यातले तांदूळ तिनं केव्हाच खाऊन टाकले होते.

आम्हाला ओसरीवर नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि इंद्रायणीचा भात वाढला. भाताचा वास असा की मी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा वृंदानं मला पायानं ढोसलं. अंगण तोवर भरत आलं होतं. ढोल आले. धोतर-टोपीतले आबा आले, हातात गुलालाची वाटी. ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "मंग ताई, झाकण कधी उघडायचं?"

वृंदाचा घास हातात राहिला. किसनभाऊंनी मान हलवली, पण कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

"आबा, जेवण होऊ द्या की पाहुण्यांचं," हिराबाई म्हणाल्या आणि आम्हा दोघांना आत चुलीपाशी घेऊन गेल्या.

"ताई, काय झालं? तुमचं तोंड का उतरलं?"

आणि वृंदानं सांगून टाकलं. मागच्या वेळचं सगळं, डबी वर, डबी खाली. मी नाटकात कितीतरी कबुलीजबाब दिलेत, पण इतक्या साध्या आवाजात एकही नाही.

हिराबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिल्या. "आम्ही समजलो, चंद्रीचंच मन नव्हतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तवा का नाय बोललात?"

"धीर झाला नाही."

"धीर नाय झाला! आन् मी महिनाभर भैरोबाशी भांडले, तू माझं का घेतलंस म्हणून. त्याची माफी कोण मागंल आता?"

वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. हिराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण सोडलं नाही. "मागा मंग तुम्हीच. जाताना देवळात जाऊन."

"मागते."

किसनभाऊ दारात येऊन कुजबुजले, "पण आबांला नाय कसं म्हनायचं? गाय साऱ्या वाडीची होती. लोक मुंबईहून रजा काढून आल्यात."

त्यांचंही खरं होतं. वाडीत ज्याच्या दावणीला चंद्रीचा बैल, तो तिचा सोयरा. सोयऱ्याला दाराबाहेर ठेवून बारसं होत नाही. मी म्हणालो, मी नाटक करतो, लोकांना गुंगवतो, तेवढ्यात तुम्ही काम उरका. हिराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कळशी उलटी धरून दाखवतोय.

"फसवायचं नाय कुणाला," त्या म्हणाल्या. "भाऊ, आमचा भैरोबा पालखीत बसून गावात फिरतो का?"

"फिरत असेल."

"देव फिरत नाय. देव गाभाऱ्यात हाय, हालत नाय. फिरतो तो मुखवटा. आन् मुखवट्याला हात जोडले तर आत पोचत नाय का?" त्यांनी बोट केलं ते माझ्या पायाशी ठेवलेल्या धाकट्या बरणीकडे. "ह्याला घ्या की बाहेर."

वृंदा हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

अंगणात

आता एक घोटाळा. वितळवायला पाणी लागतं ते कोमट. गाईच्या अंगाइतकं, जास्त नाही, कमी नाही. वृंदानं सकाळी लॉजवर ते नेमकं करून थर्मासमध्ये भरून आणलं होतं. गोठ्यात जाऊन तिनं थर्मास उघडला तर आतून आल्याचा वास आला. हिराबाईंच्या सुनेनं पाहुण्यांचा थर्मास तपासला होता, आत कोमट पाणी पाहून तिला लाज वाटली होती, आणि तिनं ते ओतून देऊन कडक चहा भरला होता. आमच्या सांगलीत पाहुण्याला चहा आग्रहानं पाजतात. पाहुण्याच्या नकळत त्याच्या सामानात भरत नाहीत. या बाबतीत नाशिक पुढे आहे हे मला मान्य करावं लागलं.

"पाणी मी करते," हिराबाई म्हणाल्या. "नातवंडं न्हाऊ घातलीत." त्यांनी घंगाळात गरम-गार पाणी मिसळलं, कोपर बुडवलं आणि म्हणाल्या, "झालं." वृंदानं थर्मामीटर बुडवला. थर्मामीटर म्हणाला, नाही झालं. यात गर्भ शिजेल.

"या पाण्यात न्हायलेली नातवंडं कुठे असतात?" मी विचारलं.

"पोलिसात," हिराबाई म्हणाल्या.

थंड पाण्याचे तांबे ओतून शेवटी ते जमलं. वृंदा, हिराबाई आणि मोरी गोठ्यात राहिल्या. दार ओढलं. मी धाकट्याला उचलून अंगणात आलो.

माझं भाषण मी पाठ केलं नव्हतं. आबांपुढे बरणी ठेवली आणि हिराबाईंनी सांगितलं तेच त्यांना सांगितलं. थोरला आत आहे, गाभाऱ्यात. हा त्याचा मुखवटा. हार घाला, गुलाल लावा, नारळ वाढवा. थोरल्याला आज हलवायचं नाही.

आबांनी भुवया वर केल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मागल्या टायमाला तर दाखवलं व्हतं!"

"मागच्या टायमाला काय झालं?" मी विचारलं.

ओरडणारा पुढच्याच्या पाठीमागे सरकला.

तेव्हा मी किसनभाऊंकडून पितळी परात मागवली. जाड बुडाची, जुनी. अशी आता घडत नाही. वृंदानं शिकवलं होतं तसं, सगळ्यांना मागे सारून, हातमोजे घालून, धाकट्यातला थोडा नायट्रोजन परातीत ओतला. परात किंचाळली. पांढरा धूर काठावरून खाली आला आणि जमिनीलगत पसरत लोकांच्या पायांत शिरला. बायकांनी हात जोडले, पोरं किंचाळली, ढोलवाल्याचा हात आपोआप पडला. सांगलीच्या रंगमंचावर मला असा प्रवेश कधी मिळाला नाही.

मी हारातला एक झेंडू काढला, चिमट्यात धरून परातीत बुडवला आणि बाहेर काढून आबांच्या समोर पाटावर टेकवला. "आबा, नारळासारखं वाढवा." आबांनी वाटीच्या बुडानं हलकेच ठोका दिला. झेंडूचे काचेसारखे तुकडे उडाले.

पुढे सरसावलेली पोरं आयांनी मागे ओढली.

"चंद्रीचं लेकरू या थंडीत बसलंय," मी म्हणालो. "फुलाचं काय झालं ते बघितलंत. आत ताई त्याला परत ऊब देतायत, फुलाचं फूल ठेवून. गळ्याशी वर काढून दाखवलं की मधेच ऊब लागते. मागचे दोघं बहुधा त्यानंच गेले. दाखवणाऱ्याची चूक, बघणाऱ्यांची नाही. पण आज हा एकच आहे."

आबांनी तुकड्यांकडे पाहिलं. टोपी काढली. मग मागे वळून म्हणाले, "बसा रे खाली. ढोल ठेवा."

सगळे बसले. आणि त्या शांततेत गोठ्याच्या कुडाच्या भिंतीपलीकडून वृंदाचा आवाज आला, शाळेतल्या मुलीसारखा:

"बे एके बे… बे दुणे चार…"

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हळूच सांगितलं, नळी बाहेर काढली की आधी जराशी हवेत धरायची. गार काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला तर पेला तडकतो ना, म्हणून. किती वेळ, ते पाढ्यानं मोजतात. घड्याळ बघायला मान वळवली की हात हलतो.

"बे त्रिक सहा… बे चोक आठ…"

आबांचे ओठ हलत होते. शेजारच्या म्हातारीचेही. शाळेत कधी न गेलेली माणसंसुद्धा त्या पाढ्याला पुढे ढकलत होती.

"बे पंचे दहा."

पाण्यात काहीतरी बुडाल्याचा बारीक आवाज. मग काही नाही. मोरीच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. मला, ज्याला दोन वाक्यांच्या मधली विश्रांतीसुद्धा सहन होत नाही, मला एक शब्द सुचला नाही. परातीतला धूर संपला, पितळेवर पांढरं दव जमलं, आणि आम्ही सगळे एका बंद दाराकडे बघत बसलो.

दार उघडलं. हिराबाई बाहेर आल्या, हात पुसत.

"गेलं ठिकाणावर," त्या म्हणाल्या.

"कसं व्हतं?" आबांनी विचारलं. "चंद्रीवानी?"

"मी नाय बघितलं. ताईनीबी नाय बघितलं."

वृंदा मागून आली. या पद्धतीत सूक्ष्मदर्शक लावायचाच नाही, ती म्हणाली. नळीतून थेट गाईत. बाहेरच्या हवेत एक क्षणही फुकट घालवायचा नाही. चांगला होता की फाटलेला, ते आता मोरीच सांगेल.

"म्हंजी देवालाच ठाऊक," आबा म्हणाले, आणि त्यांनी उरलेला गुलाल धाकट्याला, मला आणि पाटावरच्या झेंडूच्या तुकड्यांना सारखा वाटला.

जाताना वृंदा भैरोबाच्या देवळात गेली. हिराबाई दाराशी उभ्या राहिल्या, ती खरंच माफी मागते की नाही ते बघत. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. परतीच्या वाटेवर आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. तो उत्तम होता.

सांगली

उन्हाळा लागला, मी दुकानात माठांच्या तिवया लावत होतो, तेव्हा वृंदाचा फोन आला. ती वाडीवरून बोलत होती. मोरीला तपासायला गेली होती. "दादा," एवढंच म्हणाली आणि तिनं फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

"भाऊ," हिराबाईंचा आवाज आला, "मोरी गाभण हाय."

मी काय बोललो ते आठवत नाही. दुकानातला पोऱ्या नंतर सांगत होता की शेठ शिट्टी वाजवत होते. थोडं भान आल्यावर मी विचारलं, "मग येऊ का बघायला?"

"या की. भाकरी खायला या. आबा रोज येत्यात. गोठ्याभाईरनंच हात जोडत्यात, आत पाऊल टाकत नाय. दुसऱ्यांलाबी टाकू देत नाय." मग त्या हसल्या. "पण दर्शन बंद हाय, भाऊ. झाकण मोरीकडं हाय आता. पाऊस सरल्यावर तीच उघडंल."

"आणि पंचवटीत एक गुरुजी आहेत, त्यांना बारशाला बोलवायचंय."

"बोलवा. पाणी मी तापवीन."

फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं नवीन पितळी डब्याचं झाकण उचललं होतं आणि वाकून आत डोकावत होतं.

"राहू द्या," मी म्हणालो. "झाकण ठेवा."